मेनूतला मान

"सभा शेवटी काहून टाकली?" अध्यक्ष किशनरावांनी विचारलं, आणि भीमराज खंदारेच्या तीन महिन्यांच्या मेहनतीचे ग्रह तिथूनच फिरले.

वसमतजवळच्या हळद उत्पादक शेतकऱ्यांच्या कंपनीचं ते ऑफिस. टेबलावर लॅपटॉप, लॅपटॉपसमोर भीमराज आणि भीमराजच्या पाठीमागे हातात चहाच्या बशा घेतलेले चार संचालक. भीमराजचं स्वतःचं ऑफिस हिंगोलीत, एसटी डेपोसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावर. तिथं बसून तो ज्याला लागेल तसं सॉफ्टवेअर बनवून द्यायचा. हे काम त्याच्या आजवरच्या कामांत सगळ्यात मोठं होतं.

त्याच्याकडचं साधन असं होतं की त्यात सॉफ्टवेअर लिहिण्यापेक्षा मांडावंच जास्त लागायचं. पडद्यावर एक खिडकी मांडायची. तिच्यात बटणं ओढून आणून ठेवायची. वरच्या बाजूला मेनूची पट्टी लावायची, पट्टीतल्या प्रत्येक घराला नाव द्यायचं आणि मग त्या घरावर दोनदा टिचकी मारून, ते दाबल्यावर काय घडावं ते आत लिहायचं. नाव बाहेर दिसतं, काम आत असतं, आणि एक बदललं म्हणून दुसरं आपोआप बदलत नाही. ही गोष्ट भीमराज नांदेडच्या कोर्समध्ये पहिल्याच आठवड्यात शिकला होता. पुढं तो हीच गोष्ट विसरला, म्हणून तर ही कथा घडली.

मेनूत डावीकडून उजवीकडे चार घरं होती: बेणं, बॉयलर, गोदाम आणि सभा. प्रत्येक घरात "निरोप पाठवा" असं एक कलम होतं. ते दाबलं की त्या त्या खात्याचा ठरलेला निरोप सभासदांच्या मोबाईलवर जायचा. बेणं म्हणजे लावणीसाठी राखलेली हळद, ती न्यायला या म्हणून. बॉयलर म्हणजे हळद शिजवायचं यंत्र, ते तुमच्या शेतात येतंय म्हणून. गोदामात माल आणा म्हणून, आणि सभेला हजर राहा म्हणून.

हा क्रम भीमराजने मनाने लावलेला नव्हता. ऑफिसातल्या लोखंडी कपाटात वरून खाली याच क्रमाने रजिस्टरं होती, आणि सहा वर्षं ती रजिस्टरं शिलाताई लिहीत होत्या. कोणत्या शेतकऱ्याची हळद काढायला आली, कोणाचा बॉयलरचा नंबर हुकला, कोणाची पोती गोदामात ओली आली, हे सगळं त्यांना तोंडपाठ असायचं. भीमराजला हळदीतलं ओ की ठो कळत नव्हतं. सॉफ्टवेअरमध्ये जे काही शहाणपण होतं ते सगळं शिलाताईंचं होतं, हे तो स्वतःशी तरी मान्य करायचा.

आणि सॉफ्टवेअर आलं म्हटल्यावर पहिली कुऱ्हाड शिलाताईंवरच पडायची होती. बारावी झालेली बाई, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. किशनरावांच्या चुलतभावाची सून पुनम मात्र कॉम्प्युटरचा कोर्स करून बसलेली. भीमराजने मध्ये पडून महिनाभराची मुदत मागितली. "शिलाताईंना मी शिकवतो. लोकार्पणाच्या दिवशी सगळं नीट झालं तर त्यांनाच ठेवा," तो म्हणाला होता. किशनराव म्हणाले होते, "ठीक हाय. पण त्या दिवशी घोटाळा झाला, तर मंग पुनमला बसवू."

शिलाताईंची शिकायची रीत त्यांची त्यांची होती. पडद्यावरचं नाव त्या वाचायच्याच नाहीत. कपाटाचा जितवा खण, तितवं डावीकडून घर, एवढंच त्यांनी ध्यानात ठेवलं आणि आठवड्याभरात त्यांचा हात असा बसला की भीमराज बघत राहिला.

तर, सभा शेवटी का, हा प्रश्न होता.

"कामाचा क्रम आहे तो," भीमराज म्हणाला. "कपाटातसुद्धा तसंच आहे."

"कपाटाचं सोडा. कपाट कोण बघतंय? हे समद्या जिल्ह्याला दिसणार. सभा म्हणजे अध्यक्षाचं खातं. ते पयलं पाहिजे."

भीमराजने सभा पहिली केली. तोवर गोदामाच्या संचालक पद्माबाईंनी बशी खाली ठेवली होती.

"मंग आमचं दुसरं घ्या. संचालक मंडळात बाईमाणूस मी एकलीच हाय. लग्नपत्रिकेत बी बायांची नावं खाली टाकतात, इथं तरी नका टाकू."

भीमराजने गोदाम दुसरं केलं. पण बेण्याचे सुदामराव आणि बॉयलरचे रामकिशन यांच्यात तिसऱ्या जागेवरून जुंपली. सुदामराव म्हणाले, "बेण्याबगर हळद लागते व्हय?" रामकिशन म्हणाले, "अन् शिजवल्याबगर इकती व्हय?" दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे ते मिटायला फार वेळ लागला. शेवटी रामकिशनची समजूत घालावी म्हणून भीमराज बोलून गेला, "शेवटच्या जागेला कमी समजू नका. कार्यक्रमात अध्यक्षीय भाषण शेवटीच असतं की."

हे बोलायला नको होतं. किशनरावांनी बशीतला चहा तसाच ठेवून मान वर केली. "हे बराबर बोलला. मंग सभा शेवटीच ठेवा."

त्यापुढच्या तासाभरात मेनूचा क्रम सात वेळा बदलला. खरं तर दर वेळी घराचं नाव बदललं की आतलं कामही उचलून नव्या जागी न्यायला हवं होतं. पण पाठीमागे चार माणसं श्वास घेतायत आणि "झालं का?" विचारतायत म्हटल्यावर भीमराज फक्त नावं बदलत गेला. आतलं नंतर निवांत बघू, असं त्याने ठरवलं. शेवटी सभा, गोदाम, बेणं, बॉयलर असा क्रम कायम झाला, म्हणजे जवळजवळ पहिल्या वेळी ठरला होता तोच.

"अन् हे एक काढून टाका," जाता जाता रामकिशन म्हणाले. निरोप जाण्याआधी त्याचा मजकूर दाखवून "पाठवायचा का?" विचारणारी एक छोटी खिडकी भीमराजने ठेवली होती. "हे काहून इचारून राहिलं? आमी दाबलं म्हणजे पाठवायचाच हाय ना."

भीमराजने तीही काढली.

निवांत बघायचं ते राहून गेलं. हिंगोलीला परतला तर लेकराला ताप आलेला, बायको संध्याची दवाखान्यात ड्यूटी, त्यात दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं काम अडलेलं. चार दिवसांनी आठवण झाली तेव्हा त्याने आधी शिलाताईंनाच फोन लावला.

"ताई, सॉफ्टवेअर कसं आहे? काही तकलीफ?"

"काहीच न्हाई सर. झ्याक चालू हाय."

"निरोप बरोबर जातायत?"

"एकदम बराबर."

भीमराजने विचार केला, म्हणजे आतलं आपण त्याच दिवशी नीट केलं असणार. माणूस स्वतःबद्दल चांगला विचार करायला फारसा पुरावा मागत नाही. त्याने ती गोष्ट मनातून काढून टाकली, आणि महिनाभर शिलाताईंचे निरोप खरोखरच बरोबर जात राहिले.

लोकार्पण मार्चमध्ये होतं. गोदामापुढे मंडप, मंडपात खुर्च्या आणि मागे मोठा फ्लेक्स. फ्लेक्सवाला अनुभवी असावा. त्याने चारही संचालकांचे फोटो गोल लावले होते, त्यामुळे पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. औंढ्याकडच्या तशाच एका कंपनीचे अध्यक्ष भागवतराव पाहुणे म्हणून आले होते. त्यांना सॉफ्टवेअर पटलं तर तेही घेणार होते.

लोकार्पण म्हणजे मंचावरून एक निरोप पाठवून दाखवायचा. तो रोजच्या माणसाने पाठवावा, असं भीमराजने सुचवून पाहिलं होतं.

"शिलाबाईनं? मंग आमी काय टाळ्या वाजवायच्या?" असं उत्तर आलं. ठरलं ते असं की बटण अध्यक्ष दाबतील. शिलाताईंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट देऊन त्यांना लॅपटॉपच्या बाजूला उभं केलं. दुसऱ्या बाजूला, गरज पडलीच तर म्हणून, पुनम.

सूत्रसंचालकाने आधी भीमराजचा सत्कार उरकून घेतला. अंगावर शाल, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात पुष्पगुच्छ अशा अवस्थेत तो मंचाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा असताना किशनरावांनी लॅपटॉपवर पहिलं घर दाबलं. सभा. निरोप पाठवा. "यादीतल्यांना की सर्वांना?" असं पडद्यावर आलं. किशनराव म्हणाले, "आता कार्यक्रमाच्या दिवशी काय यादी? सर्वांना."

सहाशे बारा सभासद होते. त्यातले दोनशेच्या वर मंडपातच बसलेले. एकदम सगळ्यांच्या खिशांतून आवाज झाले. टाळ्या पडल्या. मग लोकांनी मोबाईल काढले आणि टाळ्या हळूहळू कमी झाल्या.

"तुमचं बेणं तयार आहे," मागच्या रांगेतल्या एकाने मोठ्याने वाचलं. "पोती आणि आधार कार्डाची झेरॉक्स घेऊन उद्या कंपनीत यावे."

सात वेळा बदललेली नावं भीमराजच्या डोळ्यांपुढून गेली आणि त्या संध्याकाळी आपण आत काहीच हलवलं नव्हतं, हे त्याला लख्ख आठवलं. "थांबा," तो म्हणाला, "थांबा, थांबा." माणूस सत्काराला लाजतोय असं वाटून सूत्रसंचालकाने त्याच्या डोक्यावर फेटाही चढवायला घेतला.

तिकडं सुदामरावांचा चेहरा पडला होता. "अध्यक्ष साहेब, बेणं माझ्या खात्यात हाय. मला न इचारता तुमी वाटाया काढलं?"

"म्या कुठं? म्या तर सभा दाबली."

"मंग हे काय?" सुदामरावांनी मोबाईल दाखवला. "सहाशे माणसं उद्या पोती घेऊन येतील. बेणं दीडशेचंच हाय. सरका, माझं म्या निस्तरतो."

आणि आपल्या खात्याची सूत्रं परत हातात घ्यावीत म्हणून सुदामरावांनी "बेणं" दाबलं. "रद्द" नावाचं कलम खाली होतं, पण घाईत त्यांच्या हातून वरचंच दाबलं गेलं. सर्वांना.

पुन्हा दोनशे खिसे वाजले. गोदामात तुमच्यासाठी जागा राखून ठेवली आहे, वाळलेली हळद घेऊन उद्या यावे.

आता पद्माबाई उठल्या. "गोदामात उंदराला बी जागा न्हाई. कोणी दिला हा निरोप?"

"मी बेणं दाबलं बाई."

"तुमी बेणं दाबा न्हाई तर काही बी दाबा, माझ्या गोदामाला हात लावायचा न्हाई." त्यांनी चष्मा वर केला आणि मोठ्या निश्चयाने "गोदाम" दाबलं. सुदामरावांनी जे वरचं दाबलं, तेच त्यांनीही दाबलं. मंडपात वाचन झालं: उद्या सकाळी सात वाजता बॉयलर आपल्या शेतात येत आहे. जळण, पाणी आणि चार माणसं तयार ठेवावीत.

कंपनीकडे बॉयलर दोन होते. रामकिशन खुर्चीतून असे उठले की खुर्ची मागे पडली. "सहाशे बारा शेतात? सात वाजता?" त्यांनी कोणाचंच ऐकून घेतलं नाही. फेट्याचं टोक हवेत सोडून भीमराज लॅपटॉपपाशी पोहोचला तेव्हा रामकिशन "बॉयलर" दाबून मोकळे झाले होते.

शेवटचा निरोप, भीमराजने नमुन्याला लिहून ठेवलेला आणि संचालकांनी कधी न वाचलेला, असा होता: उद्या अकरा वाजता कंपनीची सभा आहे. सर्व सभासदांनी सहकुटुंब उपस्थित राहावे. जेवणाची सोय केली आहे. आपला, किशनराव, अध्यक्ष.

मागे एक म्हातारे शेजाऱ्याला विचारत होते की चार माणसं शेतात ठेवायची का जेवायला आणायची.

मोठ्या चुकीनंतर माणसांना आधी एक नाव लागतं, खरं कारण नंतर सापडलं तरी चालतं. किशनराव घाम पुसत शिलाताईंकडे वळले. "सकाळपासून या मशीनवर कोण बसून व्हतं?"

"मी व्हते साहेब," शिलाताई म्हणाल्या. ताट अजून हातातच होतं.

"महिनाभर बी तूच. काय दाबून ठेवलं इथं? आमी भीमराजला तवाच सांगत व्हतो, ही बाई नावं वाचत न्हाई, अंदाजानं दाबती. पुनम, तू बस. रद्द कर समदं."

पुनम बसली. तिने नीट वाचून "सभा" शोधलं, "रद्द" दाबलं. खिसे वाजले. बेण्याचा निरोप रद्द झाला होता. तिने पडद्याकडे पाहिलं, स्वतःच्या मोबाईलकडे पाहिलं, मग शेजारी वाकून उभ्या भीमराजकडे पाहिलं आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "सर, नाव एक दाबलं अन् निरोप दुसराच जाऊन राहिला. हे ताईच्या हातून होत नसतंय."

पोरगी हुशार होती. पुढचं तिने भीमराजवर सोडलं.

भीमराजला खरं सांगायचं तर त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. समोर भागवतराव पहिल्या रांगेत बसलेले. आता तोंड उघडलं की त्यांचं काम गेलं, या कंपनीतलंही बहुधा गेलं. नाही उघडलं, तर फक्त एका बाईची खुर्ची जाईल आणि कोणालाच काही कळणार नाही. शिलाताई ताट धरून उभ्या होत्या. ताटातला दिवा विझला होता, आणि त्या माणसांकडे न बघता त्या दिव्याकडेच बघत होत्या. ते बघून भीमराजला स्वतःची फार लाज वाटली.

त्याने नारळ टेबलावर ठेवला. "अध्यक्ष साहेब, चूक माझी आहे."

"तुमी काहून अंगावर घेता?"

"अंगावर घेत नाही, माझीच आहे. त्या दिवशी तुम्ही क्रम बदलायला लावला. मी फक्त बाहेरची नावं बदलली. आतली कामं जागची हलवलीच नाहीत. सभेची पाटी लावली ती बेण्याच्या दारावर. नंतर हलवतो म्हणालो आणि विसरलो. शिलाताईंनी कशालाच हात लावलेला नाही."

कोणी काही बोलायच्या आत पद्माबाईंनी विचारलं, "मंग महिनाभर निरोप बराबर कसे गेले?"

सगळे शिलाताईंकडे बघायला लागले. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"मला पयल्याच दिवशी कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "मी कोणताबी निरोप आधी आमच्या ह्यांच्या मोबाईलवर पाठवून बघत असते. त्या दिवशी नावं हलल्यासारखी दिसली म्हणून वाचून सभा दाबली, तर ह्यांला बेण्याचा निरोप आला. हे पोतं घेऊन निघाले बी व्हते. मंग मी चारी घरं दाबून बघितली. आतलं कपाट जिथल्या तिथंच हाय, वरच्या चिठ्ठ्या तेवढ्या बदलल्यात. मी तर कपाटावरूनच दाबते. मला काय फरक पडतोय?"

"पण ताई, मी फोन केला होता," भीमराज म्हणाला. "तकलीफ आहे का म्हणून विचारलं होतं."

"तकलीफ नव्हतीच की. अन् मला वाटलं तुमी मुद्दाम केलंय."

"मुद्दाम?"

शिलाताईंनी जरा अंदाज घेतला. मग बोलायचंच आहे तर पूर्ण बोलावं अशा आवाजात त्या म्हणाल्या, "साहेब लोकांला मान बी मिळावा अन् काम बी अडू नये, म्हणून. आपल्या हापिसात समदं तसंच तर चालून राहिलं. दारावर पाटी साहेबाची असती, आत काम दुसरंच कोणी करतंय. मला वाटलं, सरनं कॉम्प्युटरात बी तेच बसवलं. मी घरी बोलले बी, पोरगं लई हुशार हाय म्हणून."

मंडपात आधी भागवतराव हसले. ते हसले म्हणून मागच्या रांगा हसल्या, आणि शेवटी पद्माबाईंनाही हसू आवरेना. किशनराव हसले नाहीत, पण त्यांनी खुर्ची ओढून शिलाताईंसमोर ठेवली.

"बस बाई. काय करायचं ते कर."

शिलाताई बसल्या. नाव न वाचता त्यांचा हात पट्टीवर फिरला. डावीकडून दुसरं, रद्द. डावीकडून तिसरं, रद्द. बेण्याचं पुनमच्या हातून आधीच झालं होतं. बॉयलर येणार नाही, गोदामात जागा नाही, असे खिसे दोनदा वाजले आणि रामकिशन पडलेली खुर्ची उचलून पुन्हा बसले. शिलाताईंनी हात मागे घेतला.

"अन् चौथं?" किशनरावांनी विचारलं. "सभेचं?"

"ते न्हाई केलं साहेब."

"काहून?"

"जेवायला बोलावलंय. तुमच्या नावानं, सहकुटुंब. आता नका येऊ म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?"

किशनरावांनी बाकी तिघांकडे पाहिलं. तिघांनीही एकदम फ्लेक्सकडे पाहिलं. "बराबर बोलून राहिली," पद्माबाई म्हणाल्या. "एकदा जेवायचं सांगितलं म्हणजे सांगितलं. मागं घेतलं तर कोणाच्या दारात उभं राहायची सोय उरणार न्हाई." मंडप दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला सांगितला गेला, आणि दुपारपासून वांगी, बेसन आणि आचारी यांची शोधाशोध सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते कोणालाच अपेक्षित नव्हतं. गेली पाच वर्षं कंपनीची सभा दरवेळी माणसं पुरी न भरल्याने तहकूब व्हायची आणि अर्ध्या तासाने तीच सभा त्याच अकरा माणसांत पुन्हा भरायची. या वेळी मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका आल्या, लेकरं आली, म्हातारे आले. जेवणाआधी सभा ठेवल्यामुळे कोणी उठूनही गेलं नाही. किशनरावांनी भाषणात, सभासदांना सहकुटुंब बोलवायची कल्पना आपल्या मनात फार दिवसांपासून होती असं सांगितलं, आणि भाषण संपेपर्यंत त्यांचा त्यावर विश्वासही बसला.

शिलाताईंचे नवरे संतराम मात्र पोतं, आधार कार्डाची झेरॉक्स आणि सोबत चार माणसं घेऊन आले होते. "महिनाभर हिचे निरोप येऊन राहिले," त्यांनी भीमराजला समजावलं. "खरा कोणता अन् बघायपुरता कोणता, ते काई कळंना. म्हणलं समदंच घेऊन जावं." चारही माणसांनी पोटभर जेवून घेतलं.

पुनमचा विषय निघाला नाही, कारण तो तिनेच काढू दिला नाही. "काका, मला वाचता येतंय, पण हळदीतलं मला काही कळत न्हाई," ती किशनरावांना म्हणाली. "आधी मी ताईपाशी शिकते."

जेवणं चालू असताना भीमराज ऑफिसात लॅपटॉप उघडून बसला. मजकूर दाखवणारी खिडकी त्याने परत बसवली. त्यावर रामकिशननेही हरकत घेतली नाही. आता प्रश्न मेनूचा होता. नावं पूर्वीच्या क्रमाने न्यावीत, तर संचालक मंडळ पुन्हा बशा घेऊन पाठीमागे उभं राहणार. कामं नावांप्रमाणे हलवावीत, तर शिलाताईंचा बसलेला हात बिघडणार. शिलाताई बुंदीची वाटी घेऊन आल्या आणि ती त्याच्यापुढे ठेवून म्हणाल्या, "आता हाय तसंच ऱ्हाऊ द्या की सर."

तेवढ्यात हातात ताट घेऊन भागवतराव दारात आले. भीमराज उठून उभा राहिला. कालपासून तो यांच्यासमोर यायचं टाळत होता.

"साहेब, कालचं मनावर घेऊ नका. तुम्हाला देईन ते मी सगळं तपासून देईन. नाव तेच काम."

"तसं नका करू," भागवतराव घाईने म्हणाले. त्यांनी मागे वळून बाहेर कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं आणि आवाज उतरवला. "आमच्याकडं संचालक अकरा हायत. रोज पयल्या नंबरावरून भांडण. आमाला हेच पाहिजे, जसंच्या तसं. वर पाट्या त्यांच्या, खाली काम आपलं. किती दिवसात देता?"

"देतो," भीमराज म्हणाला. "पण चालवणाऱ्याला शिकवावं लागेल."

"ते बी ठरवलंय. शिकवायला या बाईला पाठवा. तुमी न्हाई आले तरी चालतंय."

भीमराजने शिलाताईंकडे पाहिलं.

"येते की," त्या म्हणाल्या. "फक्त तुमच्या कपाटाला खण किती हायत, तेवढं आधी सांगून ठेवा."